पेंग्विनचे भक्ष्य : पाठ कसा घ्यावा
(शिक्षण परिषदेतील भाषण)



पेंग्विनचा पाठ बर्फाच्या चित्राने सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच संपतो. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, बर्फावर तो खातो काय?” प्रश्न अगदी रास्त आहे. बर्फावर त्याला खाण्यासारखे काही नसते. त्याचे सारे अन्न समुद्रात असते. हे एकदा मनावर ठसले की त्या पक्ष्याची शरीररचना उलगडू लागते.

प्रारंभ रंकाळ्यापासून करावा. तेथील पाणकावळा बुडी मारून मासा धरतो, हे आपल्या मुलांनी पाहिलेले असते. तो पायांनी पाणी मागे लोटतो. पेंग्विन पंखांनी लोटतो, जणू पाण्यातच उडतो. पाणकावळ्याची पिसे भिजतात, म्हणून तो काठावर पंख पसरून बसतो. पेंग्विनच्या दाट पिसांतून पाणी सहसा आत शिरत नाही. सम्राट पेंग्विन तर ५०० मीटरांहूनही खोल बुडी घेऊ शकतो. त्याला दात नाहीत. परंतु जिभेवर व टाळूवर मागे वळलेले काटे असल्यामुळे निसरडा मासा सुटत नाही. तो मासा चावत नाही, सबंध गिळतो.

दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात मासे, माकूळ आणि क्रिल हे त्याचे भक्ष्य होय. क्रिल हा कोळंबीसारखा दिसणारा लहान जीव. हिवाळ्यात त्याची पिल्ले समुद्री बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शेवाळावर जगतात. बर्फाचा तळ म्हणजे क्रिलचे गायरानच! ते आक्रसले की पेंग्विनचा घास कमी होतो.

अंडे पायांवर घेऊन उभा असलेला सम्राट नर सुमारे चार महिने काहीही खात नाही. अंगातील चरबीवर निभावतो. येथे ‘त्याग’, ‘तपश्चर्या’ असे शब्द कृपया योजू नयेत. मुले तेवढेच लक्षात ठेवतात आणि चरबी विसरतात.

मुंबईस सहलीला गेलेली मुले भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात पेंग्विन पाहून येतात. २०१६ साली दक्षिण कोरियातून तेथे आणलेले आठ पक्षी हंबोल्ट जातीचे होते. ही जात ध्रुवावरची नव्हे, पेरू व चिलीच्या किनाऱ्यावरची. तेथील थंड सागरी प्रवाहात आपल्या मांदेलीच्या कुळातील मासे विपुल असतात. एल निनोच्या वर्षी ते पाणी उबदार होते, मासे खोल व दूर जातात आणि पेंग्विनची उपासमार होते. आपल्याकडे पुष्कळदा पाऊस लांबविणारा म्हणून शेतकऱ्यांची मुले ज्याचे नाव घरी ऐकतात, तोच हा एल निनो.