हाताच्या मापाचा कंट्रोलर



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची सवय नाही. परंतु मुलांच्या खेळाविषयी चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला, म्हणून उभी आहे. विषय ऐकून कोणी हसू नये. पदार्थांच्या कृती दरवर्षी होतातच.

दिवाळीत माझ्या भाच्याने आपला जुना प्लेस्टेशन फोर आमच्या धाकट्याला दिला. धाकट्याला सातवे वर्ष. मशीन टी.व्ही.ला जोडायचे आणि हातातल्या कंट्रोलरने पडद्यावरची गाडी पळवायची, असा खेळ. पण आमच्या चिरंजिवांची गाडी सारखी भिंतीवर जाई. थोरली भावंडे त्याला धांदरट म्हणू लागली, खेळात घेईनात. कंट्रोलर दोनदा हातून पडला. दुसऱ्या वेळी मी त्याला चापट मारली. सांगायला लाज वाटते, पण मारली खरी.

त्या रात्री तो अंथरुणात अंगठा चोळीत बसलेला दिसला. विचारले तर "काही नाही" म्हणाला. दुखते म्हटले तर खेळच बंद होईल, ही त्याला भीती.

सकाळी सगळी कामाला गेल्यावर मी तो कंट्रोलर स्वतः धरून पाहिला. मला सव्वादोनच्या बांगड्या लागतात, तरी माझी बोटे पुरली. धाकटा आल्यावर त्याचा तळहात माझ्या तळहाताला लावला, तर त्याची बोटे माझ्या मधल्या पेरापाशीच थांबली. त्याने अंगठा मधल्या गोल स्टिकवर नेला की मागच्या बटणांवरची बोटे सुटत. बोटे धरून ठेवली की अंगठा आखडे. मूल धांदरट नव्हते.

मुलीला पोळ्या शिकवताना आपण छोटे पोळपाट-लाटणे देतो. क्रिकेटची बॅटसुद्धा उंचीप्रमाणे नंबराने मिळते. भाचा सांगतो, मोठ्या माणसांनाही हे माप जाचले आहे. एक्सबॉक्स २००१ साली अमेरिकेत निघाला तेव्हा त्याचा कंट्रोलर इतका दांडगा होता, की जपानसाठी २००२ साली लहान करावा लागला, आणि पुढे तोच अमेरिकेतही रूढ झाला.

दुकानदार मला म्हणाला, "वहिनी, सगळ्यांना एकच माप. वाढत्या अंगाचा म्हणून घ्या." वाढत्या अंगाच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडता येतात, याचे काय दुमडायचे?

शेवटी भाच्याने होरी या जपानी कंपनीचा छोटा कंट्रोलर मागवून दिला. प्लेस्टेशन फोरसाठीच केलेला. मूळच्याहून ४० टक्के लहान, असे कंपनी म्हणते. वायरचा असल्याने चार्जिंगची कटकट नाही, पण वायर पायांत येते. ती मी भिंतीच्या कडेने नेली. तो थरथरत नाही, हेडफोन लावायची सोय नाही. मुलाला त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

घेताना मुलाच्याच हातात द्यावा. पंजा न हलवता अंगठा स्टिकवरून बटणांवर जातो का, पहिले बोट मागच्या दोन्ही बटणांवर पोचते का, हे पाहावे. आणि आपले मशीन कोणते, ते आधी विचारून जावे. एक्सबॉक्सचा कंट्रोलर प्लेस्टेशनला चालत नाही. प्लेस्टेशन फोरचा फाइव्हला जोडला तरी खेळ फोरचेच चालतात. ज्यांच्याकडे २०१७ साली निघालेला निन्टेन्डो स्विच आहे, त्यांना निराळी खरेदी बहुधा नकोच. त्याच्या जॉय-कॉनच्या जोडीतला एक आडवा धरला की लहान मुठीत बसतो. वजन जेमतेम ५० ग्रॅम. मात्र सगळे खेळ एकट्यावर होत नाहीत.

आता थोरली त्याला बोलावून खेळायला बसवतात. अर्धा तास झाला की मी टी.व्ही. बंद करते, त्यावरून रोज भांडण होतेच. अंगठा पुन्हा दुखला नाही. मोठा कंट्रोलर धुवट फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे; दर वाढदिवसाला त्याचा हात त्यावर लावून पाहायचे ठरले आहे. छोटा मोकळा झाला की मला द्या, असे शेजारच्या वहिनींनी आत्ताच सांगून ठेवले आहे. त्यांच्याकडे मशीन कोणते, ते मात्र अजून विचारायचे राहिले आहे.