ग्रंथालयात चाचे हवेत!



महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांच्या ग्रंथालयांत बहुतेक ठिकाणी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी साठीपुढचे वाचक बसलेले असतात. बारा ते अठरा वयाचं कुणी फिरकत नाही. त्या वयासाठी आज मी एका पुस्तकमालेची शिफारस करणार आहे. तिचं नाव ‘वन पीस’.

ही जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा. एइचिरो ओदा १९९७च्या जुलैपासून एका जपानी साप्ताहिकात ती लिहिताहेत, चित्रंही त्यांचीच. शंभराहून अधिक खंड झालेत. एकाच लेखकाच्या चित्रकथामालेच्या सर्वाधिक प्रती छापल्याचा गिनीज विक्रम २०१५मध्ये तिच्या नावावर लागला. तेव्हाच प्रती ३२ कोटींवर होत्या.

नायक लुफी. एक अजब फळ खाल्ल्यामुळे त्याचं अंग रबरासारखं ताणतं, पण पोहणं कायमचं गेलं. आणि याला व्हायचंय चाच्यांचा राजा! त्याचा साथीदार झोरो तीन तलवारींनी लढतो, एक दातांत धरून. पण सरळ रस्त्यावरही वाट चुकतो. नेमबाज अट्टल थापाड्या, आणि जहाजावरचा डॉक्टर चक्क रेनडिअर. पोट धरून हसाल.

“फौजी माणूस आणि चाच्यांची शिफारस?” असं तुम्ही म्हणाल. पण चाचा कोणाला म्हणायचं, हे लेखणी ज्याच्या हातात तो ठरवतो. इंग्रजांनी आपल्या सरखेल कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटलं होतं.

एकेचाळिसावा खंड तर प्रत्येक ग्रंथपालाने वाचावा. ओहारा नावाच्या बेटावर एका प्रचंड झाडाच्या पोटात ग्रंथालय आहे. सरकारने बंदी घातलेला शंभर वर्षांचा इतिहास तिथले अभ्यासक शोधताहेत. म्हणून युद्धनौका येऊन तोफा डागतात. झाड पेटतं. म्हातारे अभ्यासक मात्र पळत नाहीत. ते ग्रंथ तळ्यात फेकत राहतात. भिजले तरी चालतील, जळू नयेत!

त्याच वेळी सामान्य रहिवाशांनी भरलेलं जहाज नौदलाचा एक अधिकारी उडवतो. न जाणो, एखादा अभ्यासक त्यात लपला असेल. दुसरा अधिकारी नौदल सोडून एका आठ वर्षांच्या मुलीसाठी तोफांसमोर उभा राहतो. मी उमेदीची वर्षं गणवेशात काढली. हुकूम पाळणं हा आमचा धर्म, पण हुकूम कायदेशीर असावा लागतो. हा फरक चौदा वर्षांच्या मुलाला माझ्या भाषणातून कळणार नाही. त्या पानांतून कळेल.

आता व्यवहाराचं. इंग्रजी अनुवाद विझ मीडियाचा आहे. तीन खंड एकत्र बांधलेली आवृत्ती मिळते. तिची पहिली चार पुस्तकं घ्या. त्यांत बारा खंड येतात आणि कथेचा पहिला टप्पा संपतो. मागणी दिसली की पुढची घ्या. क्रम तुटू देऊ नका. मधलं पुस्तक हरवलं, तर नवीन घेण्याआधी ते भरून काढा. वाचन उजवीकडून डावीकडे आहे, तशी चिठ्ठी आतल्या पानावर चिकटवा. मारामारी, रक्त भरपूर आहे, काही ठिकाणी बायकांची चित्रं खटकतील. म्हणून ही माला तेरा वर्षांपुढच्या कपाटात ठेवा, बालविभागात नको.

“मंडळाच्या पैशातून इंग्रजीतली जपानी पुस्तकं कशाला?” हा प्रश्न सभेत नक्की येईल. उत्तर सोपं आहे. आपली परप्रांतात वाढलेली मुलं मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यांना आधी ग्रंथालयाच्या दारात आणायला हवं. पुढच्या भागासाठी मूल पुन्हा येईल, शेजारचं कपाट चाळेल. त्या कपाटात फास्टर फेणे ठेवायला विसरू नका.

तेव्हा येत्या खरेदीच्या यादीत चार पुस्तकं वाढवा.