शाखेचं माप कोण घेतं?

ई. कोलाय हा जिवाणू जादा ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवतो. पण ग्लुकोजच्या लांबच लांब सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, पाण्यात नीट विरघळत नाहीत. म्हणून शाखा जोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, साखळीतला १-४ बंध तोडतं आणि सुटलेला तुकडा १-६ बंधानं बाजूला जोडतं. शाखा वाढल्या की मोकळी टोकं वाढतात, आणि ग्लुकोज जोडण्या-काढण्याचं काम टोकांवरच चालतं.

मग शाखेची लांबी कोण ठरवतं? तोडजोड होते ती विकराच्या मधल्या, पिंपासारख्या भागात; तेव्हा मापही तिथलंच, असं कुणी म्हणेल. पण या विकरातल्या ७२८ अमिनो आम्लांपैकी सुरुवातीची ११२ काढली, तरी ते काम करतं; मात्र आधीपेक्षा लांब तुकडे हलवतं. याच छाटलेल्या रूपाची स्फटिकरचना २००२ साली प्रसिद्ध झाली. छाटल्यामुळे विकर बिघडलं, एवढंच म्हणून भागत नाही. नुसतं बिघडलं असतं तर फक्त वेग घटला असता, माप बदललं नसतं. पुढच्या रचनांमध्ये तर तोडजोडीच्या जागेपासून दूर, विकराच्या पृष्ठभागावरही साखळ्या बसलेल्या दिसल्या. तोडजोड एका जागी होते. माप मात्र अख्खा रेणू घेतो.