अनोळखी प्रोसेसची चौकशी



 या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून, आपल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात रोज येणाऱ्या एकाच प्रश्नाबद्दल आज बोलतो. ग्राहक टास्क मॅनेजर उघडतो, एका अनोळखी नावावर बोट ठेवतो आणि विचारतो, “हा व्हायरस आहे का हो?” आपण नाव वाचतो आणि निकाल देऊन टाकतो. ही सवय आपण मोडली पाहिजे.

नाव फसवू शकतं. २००३ साली आलेल्या वेल्चिया वर्मने स्वतःची प्रत ‘डीएलएलहोस्ट’ या नावाने ठेवली होती. हे नाव विंडोजच्याच एका खऱ्या फाइलीचं. फरक फक्त जागेचा होता: खरी फाइल सिस्टिम३२ मध्ये, ही त्याच्या आतल्या ‘विन्स’ फोल्डरमध्ये. म्हणून आधी राइट क्लिक करून फाइल लोकेशन उघडावं. विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणारं ‘एसव्हीसीहोस्ट’ टेम्प किंवा अॅपडेटा फोल्डरमधून चालत असेल, तर ते विंडोजचं नव्हे.

जागा बरोबर निघाली, तरी चौकशी थांबवू नये. खऱ्या एसव्हीसीहोस्टची पॅरेंट प्रोसेस ‘सर्व्हिसेस’ असते आणि कमांड लाइनमध्ये ‘-के’ असतं. त्याच्या पाचपन्नास प्रती दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. २०१७ पासून विंडोज १० मध्ये साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसेस स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालतात. मात्र वर्डच्या पोटातून पॉवरशेल सुरू झालेलं दिसलं आणि पुढे लांबलचक, न वाचता येणारी आज्ञा असेल, तर तिथे थांबून नीट पाहा. पॉवरशेल अस्सल मायक्रोसॉफ्टचं असतं, पण त्याला काम कोणी सांगितलं ते कमांड लाइनमध्येच कळतं.

डिजिटल सहीवर आपली फार श्रद्धा आहे. पण स्टक्सनेट या वर्मचे ड्रायव्हर २०१० मध्ये सापडले, तेव्हा त्यांच्यावर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या प्रमाणपत्रांच्या सह्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाईच्या सॉफ्टवेअरची ५.३३ आवृत्ती कंपनीच्या खऱ्या सहीसकट बाधित होऊन बाहेर पडली. उलट विंडोजच्या कित्येक फाइलींची सही फाइलीत नसतेच, वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते. प्रॉपर्टीजमध्ये सहीचा टॅब नाही म्हणून फाइल खोटी ठरत नाही. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये ‘व्हेरिफाय’ करून पाहिलं की हे कळतं. आणि कॉन्फिकर वर्म तर खऱ्या एसव्हीसीहोस्टमध्येच डीएलएल होऊन बसत असे. तिथे नाव, जागा, सही सगळं बिनचूक. आत काय लोड झालंय आणि बाहेर कुठे जोडणी चाललीय, हे पाहिल्याशिवाय तो सापडत नाही.

भीतीनेही नुकसान होतं, हे मला जास्त कळकळीने सांगायचं आहे. २००२ मध्ये एक ईमेल जगभर फिरला: तुमच्या संगणकात टेडी बेअरचं चिन्ह असलेली फाइल असेल, तर तो व्हायरस आहे, लगेच काढा. ती विंडोजचीच, जावा डीबगरची निरुपद्रवी फाइल होती. लोकांनी ती स्वतःच्या हाताने पुसली. आपल्याकडेही संशय आला की थेट फॉर्मॅट मारणारे आहेत. दुकानदाराचा वर्षाचा टॅलीचा हिशेब, कुणाच्या वडिलांचे फोटो त्या डिस्कवर असतात. निदान पटलेलं नसताना ते पुसायचा आपल्याला अधिकार नाही.

काही पुसण्याआधी फाइलचा हॅश व्हायरसटोटल या तपासणीच्या संकेतस्थळावर शोधावा. ग्राहकाची कागदपत्रं मात्र तिथे अपलोड करू नयेत, ती इतरांच्या हाती जाऊ शकतात. तिथल्या सत्तरेक अँटिव्हायरस इंजिनांपैकी एखाद्यानेच बोट दाखवलं तर तो निकाल मानू नये, आणि एकानेही दाखवलं नाही तर निश्चिंतही होऊ नये.

माझी या संमेलनापुढे एक सूचना आहे. आपल्या पावतीवर नुसतं ‘व्हायरस काढला’ असं न लिहिता फाइलचा पूर्ण पाथ, तिची पॅरेंट प्रोसेस आणि हॅश लिहावा; काही सापडलं नसेल तर तेही लिहावं. उद्याच्या खुल्या सत्रात या पावतीचा नमुना चर्चेला ठेवत आहे. त्यात काय कमी आहे ते मोकळेपणाने सांगा.