मुखपट्टी : सक्ती आणि स्वयंशिस्त
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्यकशास्त्राचा नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. हिशेब ठेवण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे आजचा विषयही मी जमाखर्चाच्या भाषेतच मांडणार आहे. काही उणे राहिल्यास डॉक्टर मंडळींनी उदार मनाने सांभाळून घ्यावे.

कोविडच्या साथीत ८ एप्रिल २०२० रोजी मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी बंधनकारक केली. पुढे राज्यभर तसे आदेश निघाले, दंड आकारले गेले. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. सक्ती संपली, तथापि तिने उपस्थित केलेला प्रश्न संपलेला नाही. माझ्या तोंडावर काय असावे, हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला आहे काय?

हा प्रश्न उर्मटपणाचा नव्हे. आपल्या महाराष्ट्राने त्याची किंमत मोजलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा संमत झाला आणि पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सैनिक घराघरांत शिरले. साथ आटोक्यात आणण्याचा हेतू योग्य असला, तरी माजघराची आणि देवघराची मर्यादा न पाळणाऱ्या त्या झडत्यांनी लोकांचा विश्वास गमावला. लोक आपले रुग्ण लपवू लागले. २२ जून रोजी प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होत्या. त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना तेथे कोणत्याही कायद्याने पाठविले नव्हते.

मग सक्ती नकोच, असे म्हणावे काय? येथे हिशेब पाहावा लागतो. मुखपट्टीचा खर्च, म्हणजे गुदमरणे आणि चष्म्यावर साचणारे धुके, हा वापरणाऱ्याच्या खात्यावर पडतो. जमेचा मोठा भाग मात्र शेजारच्या माणसाच्या खात्यात जातो. शिवाय लक्षणे दिसण्यापूर्वीच माणूस संसर्ग पसरवू शकतो. आपण कोणाचे देणे लागतो हे त्याला ठाऊकही नसते. मुखपट्टी हा रामबाण उपाय नव्हे. सैल कापडी पट्टीपेक्षा नाका-तोंडावर नीट बसणारी पट्टी अधिक संरक्षण देते, आणि खेळती हवाही तितकीच महत्त्वाची आहे. परंतु जेथे खर्च एकाचा व लाभ दुसऱ्याचा, तेथे सर्व काही प्रत्येकाच्या मर्जीवर सोडले, तर नुकसान दुर्बलाचेच होते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. निर्बंध उठल्यानंतरही आपण डायलिसिस कक्षात मुखपट्टीचा नियम कायम ठेवला होता. एके दिवशी एक थोर देणगीदार कक्ष पाहण्यास आले, बरोबर चार-पाच मंडळी होती. दाराशी उभ्या असलेल्या आमच्या शिपाईमामांनी मुखपट्ट्यांचा खोका पुढे केला. पाहुणे हसून म्हणाले, "आता सरकारनेही सोडले, मामा." मामांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली, आणि सर्वजण तसेच आत गेले. पहिल्याच खाटेवरील एका वृद्ध मातेने पदर ओढून नाकावर धरला. दुसरा हात यंत्राला जोडलेला होता. चार तास तिला तेथून हलता येणार नव्हते. ती काही बोलली नाही.

सायंकाळी मामांनी विचारले, "साहेब, नियम कोणासाठी आहे?" मजजवळ उत्तर नव्हते. आठवड्याने धीर करून मी त्या देणगीदारांना दूरध्वनीवरून सर्व हकीकत सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याच वेळी का नाही सांगितलेत? मी बाहेर थांबलो असतो." त्या गृहस्थांच्या चांगुलपणावर विश्वास न ठेवून मी त्यांचाही अपमान केला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले.

त्या प्रसंगातून आम्ही तीन गोष्टी ठरविल्या. ज्याला धोक्यापासून दूर जाता येत नाही, त्याच्याजवळ नियम असेल. उपाहारगृहात वा बागेत त्याची सक्ती नसेल. नियमाआधी सोय असेल, म्हणजे दाराशी मुखपट्टी विनामूल्य मिळेल आणि ज्यांना ती वैद्यकीय कारणाने वापरता येत नाही, त्यांची भेटीची वेगळी व्यवस्था होईल. आणि नियमाचा आरंभ मोठ्यांपासून होईल. रोजंदारी बुडवून आलेल्या नातेवाइकाला अडवायचे आणि विश्वस्तांना वाट करून द्यायची, हा शिस्तीचा नव्हे, दरबाराचा रिवाज झाला.

देणगीदारहो, आपण दिलेल्या पैशाचा हिशेब या अहवालाच्या पानांवर आहे. परंतु आपण दाराशी थांबून मुखपट्टी बांधता, तेव्हा दिलेल्या देणगीची पावती आम्हांस फाडता येत नाही. ती त्या खाटेवरील माउलीच्या खात्यात जमा होते. सर्दी-खोकला असल्यास भेट पुढे ढकलावी, आणि शिपाईमामांनी अडविल्यास राग मानू नये, एवढीच नम्र विनंती. ते माझ्याच आज्ञेने आपल्याला अडवीत असतील.