माधव : एका नावाची पुणेरी कुळकथा



अल्पायुषी ठरलेल्या पुरुषाचे नाव मुलाला ठेवू नये, असा संकेत आपल्याकडे घरोघरी पाळला जात असता, ज्या नावाचे दोन पेशवे अनुक्रमे वयाच्या 27व्या आणि 21व्या वर्षी निवर्तले, ते 'माधव' हे नाव याच पुणे शहराने पिढ्यान्‌पिढ्या इतक्या आवडीने का धारण केले, हा प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

नावाचा अर्थ फार वेळ घेणारा नाही. 'मा' म्हणजे लक्ष्मी आणि तिचा 'धव' म्हणजे पती, ही व्युत्पत्ती सर्वांच्या परिचयाची आहे. यदुकुळातील मधु राजाचा वंशज म्हणून श्रीकृष्ण माधव, असेही सांगतात. आणि वैशाखाचे वैदिक नाव माधव असल्याने वसंत ऋतूही या नावाच्या आश्रयाला आलेला आहे. संध्या करणारा ब्राह्मण केशव आणि नारायण यांच्यामागून तिसरे आचमन माधवाच्या नावाने करतो. परंतु संध्येतल्या चोवीस नावांत दामोदर आणि हृषीकेशही आहेतच. त्यांना जे भाग्य लाभले नाही ते माधवाला लाभले, याचे कारण पंचांगात न शोधता पेशवे दफ्तरात शोधले पाहिजे.

पानिपतानंतर, 1761 साली, सोळा वर्षांच्या मुलाच्या, म्हणजे थोरल्या माधवरावाच्या, हाती कर्जात बुडालेली दौलत आली. चुलते रघुनाथराव यांच्या महत्त्वाकांक्षेला आवर घालीत, 1763 मध्ये राक्षसभुवनावर निजामाचा पराभव करून आणि पुढे कर्नाटकात हैदर अलीवर स्वाऱ्या करून त्याने ती सावरली. पण माझ्या मते लोकांनी त्याचे नाव उचलले ते या लढायांसाठी नव्हे. वेठबिगारीला आळा घालणारा, रयतेची फिर्याद ऐकणारा धनी म्हणून त्याची कीर्ती झाली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची आख्यायिका सर्वश्रुत आहे : धनी जपात गुंतलेले पाहून शास्त्रीबोवांनी काशीस जाण्याची आज्ञा मागितली आणि राज्य करावयाचे असेल तर जप सोडा, जप करावयाचा असेल तर गादी सोडा, असे बजावले. पेशव्यांनी गादीचे कर्तव्य पत्करले. देवाच्या नावाचा जप बंद करून त्या नावाला लौकिक मिळवून देणारा असा हा पुरुष! 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात क्षयाने त्याचा अंत झाला आणि रमाबाई सती गेल्या.

पुढच्याच वर्षी शनिवारवाड्यात त्याचे धाकटे भाऊ पेशवे नारायणराव यांचा खून झाला आणि 1774 च्या एप्रिलात पुरंदरावर त्यांना मरणोत्तर पुत्र झाला. नाना फडणीस आणि इतर कारभारी यांची मसलत या अर्भकावर उभी होती. त्याला चुलत्याचे नाव देऊन वर 'सवाई' हे उपपद जोडण्यात दौलतीची केवढी आशा होती, हे वेगळे सांगावयास नको. ती आशा 1795 मध्ये शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून कोसळली. दोन माधवराव गेले, तरी नाव गेले नाही. उलट जे पुरे झाले नाही ते आपल्या घरी पुरे व्हावे, अशी काहीतरी भावना नाव ठेवणाऱ्यांच्या मनात असावी, असा माझा तर्क आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांनी 1861 साली 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिले, खाडिलकरांनी सवाई माधवरावांच्या मृत्यूवर शोकांतिका रचली, आणि 1962 साली रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी आल्यावर तर थोरले माधवराव मराठी वाचकाच्या घरचे झाले. गंमत अशी, की या शहरात सदाशिव पेठ आहे, नारायण पेठ आहे. चुलते सदाशिवराव यांच्या स्मरणार्थ सदाशिव पेठ वसविणाऱ्या थोरल्या माधवरावांच्या नावाची पेठ मात्र नाही.

या नावाचा दबदबा एवढा, की न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनाही लोक माधवरावच म्हणत. त्यांच्या पत्नीचे माहेरचे नाव यमुना. सासरी त्या रमाबाई झाल्या. थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई, सवाई माधवरावांच्या प्रथम पत्नी रमाबाई, आणि न्यायमूर्तींच्याही रमाबाईच. लक्ष्मीपतीचे नाव घेतलेल्या घरात लक्ष्मीचे नाव असे शोभून दिसे. फर्ग्युसन महाविद्यालयात फारसी शिकविणारे आणि 1925 साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध करणारे माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी कवी म्हणून 'जूलियन' हे परकी उपनाव जोडले, पण माधवाला हात लावला नाही.

आता शाळांच्या हजेरीपटांवर माधव क्वचितच आढळतो. आरव, अथर्व, अर्णव यांची चलती आहे, आणि माधव बहुधा आजोबांकडे राहिलेला दिसतो. फॅशनप्रमाणे तो कधीतरी परत येईलही. परंतु आला, तरी लग्नात नवरीचे नाव पुसून तिला रमा करण्याची प्रथा त्याच्याबरोबर परत येण्याची चिन्हे नाहीत. त्याला आपल्या मूळ नावानिशी येणाऱ्या एखाद्या यमुनेबरोबरच संसार करावा लागेल, आणि त्याबद्दल खेद करण्याचे मला काही कारण दिसत नाही.