रद्दीच्या गोणीतला आपला इतिहास

(आमच्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'दस्तऐवजांचे जतन' असा छापला आहे. मघाशी एक जण म्हणाली, "जेवणानंतर हा विषय, म्हणजे झोप नक्की." तिचे काही चुकले नाही. वीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. म्हणून आधी माझी स्वतःची चूक सांगते.

आमची जुनी खोली सोडायची वेळ आली तेव्हा हाताशी आठच दिवस होते. दोन लोखंडी कपाटे, एक ट्रंक आणि माळ्यावर गोण्या. केसच्या फायली आम्ही नीट बांधून घेतल्या, कारण कोर्टात तारखा चालू होत्या. गोण्यांमध्ये होती जुनी हँडबिले, उरलेली पत्रके, फाटके कापडी फलक, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आणि बैठकांच्या वह्या. "हे सगळे कुठे नेणार?" असे मीच म्हटले आणि रद्दीवाल्याला हाकही मीच मारली. आलेल्या पैशांत टेम्पोचे भाडे निघाले, म्हणून आम्ही खूशसुद्धा झालो.

पुढे दोन-तीन वर्षांनी आमच्या वस्तीतल्या मावशी गेल्या. दारूच्या गुत्त्यावर पहिला मोर्चा निघाला तो त्यांच्या पुढाकाराने. स्मरणसभेनंतर त्यांची मुलगी मला म्हणाली, "ताई, आई सांगायची की पहिल्या मीटिंगच्या वहीत तिचा अंगठा आहे, आणि नंतरच्या वहीत सही आहे. ती वही बघायला मिळेल का हो?" मला उत्तर देता येईना. अंगठ्यापासून सहीपर्यंतचा एका बाईचा प्रवास त्या वह्यांमध्ये होता आणि तो मी तराजूत घालून विकला होता. अहवालात आम्ही 'साक्षरता वर्गाचा लाभ अनेक महिलांनी घेतला' एवढेच लिहिले होते. मावशी त्या 'अनेक' शब्दात कुठेतरी हरवल्या.

आपले कागद म्हणजे काय? तीन प्रकार धरूया. पहिला, व्यक्तीचे कागद : पत्रे, डायऱ्या, फोटो, भाषणाची टिपणे, तुरुंगातून लिहिलेले पोस्टकार्ड. दुसरा, संघटनेचे दप्तर : बैठकांची इतिवृत्ते, ठराव, हजेरी, जमाखर्च, निवेदनांच्या प्रती, आलेली-गेलेली पत्रे. आणि तिसरा, एका दिवसापुरते छापलेले कागद : हँडबिल, पोस्टर, बिल्ला, गाण्यांची पुस्तिका, पथनाट्याची सायक्लोस्टाईल संहिता. हा तिसरा प्रकार सर्वांत लवकर नाहीसा होतो. तो वाटण्यासाठीच असतो, त्यामुळे वाटणाऱ्याकडे एकही प्रत उरत नाही.

शिवाय आपल्याला घाईची सवय. परवा एका मैत्रिणीच्या जुन्या पुस्तकात खुणेसाठी घातलेले एक हँडबिल सापडले. 'शनिवार, ८ मार्च, दुपारी ३ वाजता प्रचंड मोर्चा'. साल नाही! छापताना सगळ्यांना साल माहीतच असते, मग कशाला घालायचे? पण १९७५, १९८०, १९८६ आणि १९९७ या चारही साली ८ मार्च शनिवारीच आला होता. शेवटी मजकुरातल्या 'मथुरा खटल्याची फेरसुनावणी करा' या मागणीवरून कळले की हँडबिल १९८० चे आहे.

तरुण मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा हा खटला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. ते पत्र हातोहात फिरले, संघटनांपर्यंत पोचले आणि ८ मार्च १९८० ला मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या. पुढे १९८३ मध्ये कायदा बदलला. कायद्याच्या पुस्तकात तुम्हाला १९८३ ची दुरुस्ती सापडेल. त्या दुरुस्तीमागे कोण कोण उन्हात चालले, ते मात्र त्या हँडबिलाशिवाय कळणार नाही.

कागद टिकला नाही तर काय होते, हे मराठी बायकांना कुणी शिकवायला नको. ताराबाई शिंद्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले. जोतीराव फुल्यांनी त्याची बाजू घेतली. नंतर जवळपास नव्वद वर्षे ते विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले, म्हणून आपल्या पिढीला ताराबाई भेटल्या. पण पुस्तक मिळाले तरी बाई पुरती मिळाली नाही. तिच्या आयुष्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत. मुक्ता ही मांग समाजातली शाळकरी मुलगी, फुले दांपत्याच्या शाळेतली. तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला, म्हणून तो आज आपण वाचतो. त्या शाळेत तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलींनी काय लिहिले असेल?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कागद कुणाचे टिकतात? ज्यांच्या घरात कपाट आहे त्यांचे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, पावसाळ्यात पाणी शिरते, पालिकेची गाडी येऊन झोपडे पाडते, तिथे बाई रेशनकार्ड वाचवील की मोर्चाचे पत्रक? म्हणजे आपण नुसते 'ज्यांच्याकडे आहे त्यांनी द्या' असे म्हटले, तर चळवळीचा इतिहास शिकलेल्या, सवर्ण, शहरी बायकांचाच होईल. तो तसा होतही आला आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा शोध घेतला, तेव्हा त्यांना छापील कागदांवर थांबून चालणार नव्हते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या, हजारो बायका जमल्या. एवढी मोठी गोष्ट, तरी ती जगलेल्या बायकांना हुडकून, त्यांच्यापुढे बसून, त्यांच्या तोंडून ऐकावी लागली. त्यातून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. तेव्हा जिथे कागद नाही तिथे बोलणे नोंदवणे हेही जतनाचेच काम. ते नंतर करू म्हणून टाळू नका. म्हातारी माणसे आपल्या सवडीची वाट पाहत नाहीत.

आपल्या कागदांना खरोखर किंमत आहे का, अशी शंका कुणाला असेल तर एक परदेशातली हकीकत सांगते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९३५ साली रोझा मानुस आणि त्यांच्या मैत्रिणींनी स्त्री-चळवळीचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय काढले. मताधिकाराच्या लढ्यातली पत्रे, पुस्तके, मासिके जमवली. जर्मन फौजांनी हॉलंड घेतल्यावर काही आठवड्यांतच, जुलै १९४० मध्ये, नाझी पोलिसांनी तो सगळा संग्रह उचलून नेला. रोझा मानुस ज्यू होत्या. त्यांना १९४१ मध्ये अटक झाली. पुढे छळछावणीत नेले, तिथून त्या परतल्या नाहीत. युद्धानंतर थोडेफार कागद मिळाले, बाकीचे नष्टच झाले असे सगळे धरून चालले. १९९२ मध्ये कळले की ते मॉस्कोच्या एका गुप्त दप्तरखान्यात आहेत. जर्मनी हरल्यावर रशियन फौजांनी नेले होते. ते परत यायला २००३ साल उजाडले. जप्त करणाऱ्यांना त्या कागदांची किंमत कळली होती. आम्ही आमचे वजनावर विकले!

आणि आपण नोंद ठेवली नाही म्हणून आपली नोंद होत नाही, असे समजू नका. मोर्चाला परवानगी मागितली की पोलीस ठाण्यात कागद होतो. अटक झाली की होतो. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात 'महिलांचा गोंधळ' म्हणून छापून येते. सरकारी कागद सांभाळायला १९९३ चा केंद्राचा कायदा आहे. आपले कागद सांभाळण्याचे बंधन कुणावरही नाही, आपल्याशिवाय. उद्या कुणी आपला इतिहास लिहायला बसले आणि आपल्याकडून काही मिळाले नाही, तर तो पोलिसांच्या डायरीतून लिहिला जाईल.

आता अवघड भाग. केसच्या फायलींचे काय करायचे? रात्री अकराला मुलाला काखेत घेऊन आलेली बाई जे सांगते, ते तिने इतिहासासाठी सांगितलेले नसते. आपल्यावर विश्वास टाकून सांगितलेले असते. १९८३ च्या ज्या दुरुस्तीसाठी आपण लढलो, तिच्यातच बलात्कार झालेल्या बाईचे नाव जाहीर करणे गुन्हा ठरले, आणि आजच्या न्याय संहितेतही ते कलम आहे. मथुरेचे नाव त्याआधीच निकालपत्रात छापले गेले आणि आपणही ते घोषणेत घेतले. तिला विचारले होते का आपण? हा प्रश्न मला अजून टोचतो. म्हणून माझे मत असे : केसची फाईल जाळायचीही नाही आणि उघडीही ठेवायची नाही. ती वेगळ्या कुलुपात ठेवावी. किती वर्षे बंद राहील हे बैठकीत ठरवून लिहून ठेवावे. बाई हयात असेल तर तिला विचारावे, आणि ती 'फाडून टाका' म्हणाली तर फाडावे. तिचा शब्द शेवटचा. किती केसेस आल्या, कशाच्या, काय निकाल लागला, एवढे नावे काढून वेगळ्या वहीत उतरवले, तर पुढच्यांना अभ्यासाला पुरते.

दुसरी अवघड गोष्ट आपल्या भांडणांची. एक गट बाहेर पडला, कुणी राजीनामा दिला, दलित मैत्रिणींनी 'तुमच्या अजेंड्यावर आम्ही कुठे?' असे विचारणारे पत्र लिहिले. हे कागद आवरताना हात पटकन टोपलीकडे जातो. जाऊ देऊ नका. आपण फक्त फुले आणि घोषणा ठेवल्या, तर पुढच्या मुलींना वाटेल की आम्ही देवी होतो, आणि पहिल्या भांडणालाच त्या खचतील.

आता कामाचे. वह्या काढा, लिहून घ्या.

आजपासून प्रत्येक पत्रकावर दिवस, तारीख, साल, गाव आणि संघटनेचे नाव. निघेल त्या प्रत्येक कागदाच्या दोन प्रती वाटण्याआधीच फाईलला. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने सगळ्यांची नावे, मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांचीसुद्धा. पुढारी बायांची नावे कुणीही सांगेल. गंजलेल्या टाचण्या काढा, सुती दोऱ्याने बांधा. फाटले म्हणून चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको. वर्तमानपत्राचा कागद लवकर ठिसूळ होतो, त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा. जुने फॅक्स उडून कोरे होतात, त्यांची झेरॉक्स आधी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की आत दमट होऊन बुरशी येते; पुठ्ठ्याचा खोका बरा. खोका जमिनीवर नको, भिंतीला चिकटून नको, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. पावसाळा संपला की उघडून वाळवी आणि कसर लागली आहे का ते बघायचे. ट्रंक कुणाच्या घरून आली ते वर लिहा आणि आतला क्रम मोडू नका. त्या बाईने कोणते पत्र कशाशेजारी ठेवले, यालाही अर्थ असतो.

'स्कॅन केले की झाले' असे म्हणू नका. स्कॅन जरूर करा, पण मूळ कागद फेकू नका. आमच्या जुन्या अहवालांच्या फ्लॉपी आज कोणत्या यंत्रात घालायच्या? १८८२ चे पुस्तक आजही डोळ्यांनी वाचता येते. हल्ली तर मोर्चाची हाकसुद्धा फोनवर येते आणि फोन बदलला की जाते. महिन्याला एकीने ती छापून फाईलला लावायची.

जागाच नसेल तर? मुंबईत सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी १९८८ साली 'स्पॅरो' हा स्त्रियांचा संग्रह उभा केला, तो याच कामासाठी. 'झुबान' प्रकाशनाने देशभरातल्या संघटनांकडून चळवळीची पोस्टर्स जमवून २००६ मध्ये त्यांचे पुस्तक काढले. विद्यापीठांची स्त्री-अभ्यास केंद्रे आहेत. कुणालाही कागद द्याल तेव्हा लेखी करार करा : काय दिले, काय बंद राहील, आणि आपल्या वस्तीतल्या बाईला ते बघायला मिळेल की नाही. ज्या दारातून मावशींच्या मुलीला आत जाता येत नाही, तिथे मावशींची वही देऊ नका.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर एवढेच करा. माळा, ट्रंक, गादीखाली, देवाच्या कपाटामागे जे असेल ते काढा. फेकण्याआधी एका मैत्रिणीला दाखवा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक तरी कागद आणायचा. मी आणणार आहे ते १९८० चे हँडबिल. त्याच्या मागे मी पेन्सिलीने साल लिहून ठेवले आहे.